तिकडच्या विजेची तयारी

आमच्या ताईला हाक मारली की ती आधी कॉम्प्युटरकडे बघते आणि मग माणसाकडे. ती फिल्म एडिट करते. कॉम्प्युटर तिनं एकेक भाग जमवून स्वतः बांधलाय. चालू झाला की असा घोंघावतो, की आई स्वयंपाकघरातून ओरडते, "सुटलं का तुझं विमान?"

आता खरंच विमान सुटायचं होतं. ताईला परदेशात नोकरी लागली आणि घरात एकच भुणभुण सुरू झाली: हा न्यायचा की विकायचा? तिथं ऑफिस कॉम्प्युटर देणार, पण ऑफिसच्या कामापुरता. ताईची स्वतःची फिल्म मात्र गेली कित्येक वर्षं याच खोक्यात अर्धवट पडलेली.

"विकून टाक की," आई म्हणाली.

"विकू? माझा उजवा हात आहे तो!"

"मग उजव्या हातावरची धूळ तरी पूस."

सामान जहाजानं पाठवणाऱ्याला फोन लावला. "मॅडम, बिनघोर राहा. नाजूक खोकी आम्ही सगळ्यांत शेवटी टाकतो."

"टाकता?"

ताईनं फोन आपटला. मग रोज सकाळी 'न्यायचा', दुपारी 'विकायचा'. आमचे कान किटले.

बाबा यात पडले नाहीत. ते बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त झाले, पण गाडी सुटायच्या आधी सगळं तयार ठेवायची खोड गेली नाही. ताईची नोकरी पक्की झाली त्याच दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ तिकडच्या वेळेला लावलं. ताई समोर बसून जेवत असायची आणि हे म्हणायचे, "हळू बोला, तिची आता पहाट आहे."

शेवटी एका दुपारी एक स्टुडिओवाला बघायला आला. ताईचा चेहरा मुलगी सासरी धाडायला निघाल्यासारखा.

"चालू करून दाखवा."

ताईनं भिंतीवरचं बटण दाबलं.

फाट्!

खोक्याच्या मागून ठिणगी, धूर, जळका वास. स्टुडिओवाला खुर्चीसकट मागे सरकला. आई उलथनं घेऊन धावत आली.

ताईनं वायर उपसली, खोकं फिरवलं. मागचं विजेचा दाब निवडायचं छोटं लाल बटण दुसऱ्या बाजूला सरकवलेलं होतं.

"याला हात कुणी लावला?"

"मी," बाबा म्हणाले. "तिकडची वीज इथल्यापेक्षा कमी दाबाची असते ना? म्हटलं, आयत्या वेळी तुझी धांदल नको. करून ठेवलं."

"पण मी विकतेय, बाबा!"

"सकाळी न्यायचा म्हणालीस."

"ते सकाळी!"

"मग दुपारचं मला कुणी सांगितलं?"

स्टुडिओवाला "बघतो, कळवतो" म्हणत चपला शोधायला लागला.

ताई लालबुंद झाली. "घड्याळ तिकडचं, वीज तिकडची! मी अजून इथं आहे बाबा, इथं! मला आधीच पाठवून मोकळे झालात का?"

आई उलथनं हातात धरून तशीच उभी.

मग ताईनंच पेचकस काढला. खोकं आडवं पाडलं. स्क्रू सुटेना तसतशा शिव्या वाढल्या. बाबा न सांगता बॅटरी धरून उभे राहिले, तर तीही चुकीच्या जागी.

"इकडे धरा! इकडे!"

जिच्यात फिल्म होती ती डिस्क निघाली. स्टुडिओवाल्यानं एक चप्पल घातली होती. त्याला राहवलं नाही. त्यानं आपला लॅपटॉप उघडून डिस्क जोडली. ताईची फिल्म दिसली. अर्धवट होती, पण शाबूत.

ताईनं ती डिस्क मोज्यात गुंडाळून पर्समध्ये कोंबली. "ही येईल माझ्याबरोबर. बाकीचं राहू दे."

"हा डबा कुणी ठेवायचा?" आई म्हणाली.

"ज्यांनी उडवला त्यांनी. वाजले किती? मला बँकेत जायचंय, बंद व्हायची."

बाबांनी सवयीनं मनगट वर केलं, मग खाली घेतलं. घड्याळाची किल्ली ओढून म्हणाले, "थांब. आधी इथलं लावू दे."