दायाँ की डावा

दिल्लीला उडी मारण्याजोगा डोंगर नाही, म्हणून माझी मुलगी पाठीवर पंखा बांधून उडते. तिच्या प्रशिक्षकांचं ऐकलं तर या उद्योगाची सुरुवातच तशी झाली. चाळीसेक वर्षांपूर्वी युरोपात सपाट मुलखातल्या कोणा अवलियाला डोंगर शोधायचा कंटाळा आला. त्याने पाठीवर छोटं इंजिन आणि पंखा बांधला, वर पॅराशूट लावलं आणि शेतातून धावत सुटला. त्याची बायको त्यावर काय म्हणाली, याची इतिहासात नोंद नाही.

मुलगी नोएडात एका वृत्तवाहिनीत काम करते. दिल्लीत असलं काही उडवायला मनाई, म्हणून पलवलच्या बाजूला, परवानगी काढलेल्या मैदानावर शिकत होती. तिच्या पहिल्या एकटीच्या उड्डाणाला मी गेले. नवऱ्याला सांगितलं, पडदे बघायला लाजपतनगरला चाललेय.

ती झकास वर गेली. प्रशिक्षक वॉकीटॉकीवर हिंदीत सूचना देत होते. तिला फक्त ऐकू यायचं, बोलता यायचं नाही. तेवढ्यात उतरायच्या जागेवर चार म्हशी येऊन उभ्या राहिल्या. "दो मिनट सँभालिए, बस तारों से दूर रखिए," असं म्हणत त्यांनी वॉकीटॉकी माझ्या हातात कोंबला आणि ते म्हशींमागे धावले.

विजेच्या तारा मुलीच्या उजव्या अंगाला होत्या आणि ती हळूहळू तिकडेच सरकत होती. तिच्या दोन हातांत दोन दोऱ्या. ज्या हाताची ओढावी त्या बाजूला वळायचं, एवढं मला ठाऊक होतं. मी बटण दाबलं आणि खणखणीत मराठीत सांगितलं, "डावा ओढ. डावा."

ती उजवीकडे वळली.

मी आणखी जोरात सांगितलं. ती आणखी उजवीकडे. तारा आता थेट तिच्या समोर होत्या, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इंजिनाच्या घरघरीत माझा 'डावा' तिच्या कानात 'दायाँ', म्हणजे उजवा, होत होता. पोर दिल्लीत वाढलेली. घाबरली की हिंदीतच ऐकते. 'लेफ्ट' नावाचा एक शब्द जगात आहे, तो मात्र मला काही केल्या आठवेना.

"जेवायचा हात सोड," मी किंचाळले. "तो सोड, दुसरा ओढ!"

छत्री क्षणभर सरळ झाली. मग कलली, डावीकडे. तारा तिच्या पाठीमागे गेल्या.

प्रशिक्षक धापा टाकत परत आले आणि त्यांनी तिला उतरवलं. वॉकीटॉकी घेताना त्यांना आधी माझा अंगठा अजून दाबलेल्या बटणावरून सोडवावा लागला. पाय टेकल्यावर पळायचं विसरून ती मैदानाच्या कडेच्या गव्हात फतकल मारून बसली. मी धावत गेले, तिचे हात चाचपले, पाय चाचपले. ती पांढरीफटक पडली होती, पण डोळे मिचकावत होती.

"आई," ती म्हणाली, "मी वाचले तर बाबा सिगरेट सोडतील, असं तू गणपतीला कबूल केलंस. आता बाबांना काय सांगायचं?"