पहिल्या धारेचा मान

"पी. सकाळी तू नीट उठलास, की मग आमचे पावने पितेत."

मालक हे माझ्या बापाला बोलला. माझ्यादेखत, हसत हसत. मुखेडकडच्या आमच्या गावात मालकाच्या शेतात दरसाल नवसाची कंदुरी होते. बकरं कापतात, पाहुण्यांसाठी गुळाची हातभट्टी लावतात. आदल्या संध्याकाळी पहिल्या धारेचा ग्लास बौद्धवाड्यातल्या आमच्या घराला. याला म्हणायचं मान. पाहुण्यांना स्टीलचे ग्लास, बापाला प्लास्टिकचा, पिऊन फेकायचा. आणि मालक गावभर सांगत फिरणार, आमच्यात शिवाशिव राहिली नाही.

मी त्याचाच ट्रॅक्टर चालवत होतो. गेल्या साली बापाला नको म्हणालो. तो म्हणाला, मान मोडू नये.

मालकाने थोडी दारू सांडून काडी लावली. निळा जाळ. "बघ, चोख हाय." बाप दोन ग्लास प्यायला. चालत घरी आला, जेवला, झोपला.

सकाळी पत्र्यावर ऊन तापलं होतं. बाप अंथरुणात बसून विचारत होता, "अजून उजाडलं न्हाई व्हय?"

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दारूत मिथेनॉल होतं. तेही निळंच जळतं, आणि त्याचं विष चढायला रात्र जाते. दारू कडक व्हावी म्हणून मालकाने कॅनमधलं स्पिरिट ओतलं होतं, हे पुढं एका गड्याकडून कळलं. बाप वाचला. डोळे गेले. मालकाने उरलेली दारू नाल्यात ओतली, पाहुण्यांना इंग्लिश पाजली आणि आम्हाला भेटायला आला. म्हणाला, "तुझ्या बापानं आमचे पावने वाचिवले." अक्कल बघा. त्याला वाटलं, मी खूश होईन.

यंदा पुन्हा भट्टी लागली. मालकाने मला हाक मारली. "औंदा तू ये. मान तुमच्या घरचा हाय."

समोर त्याचा जावई बसला होता, कडक इस्त्रीत. मी तो प्लास्टिकचा ग्लास उचलला आणि जावयापुढं ठेवला.

"मान मोठ्याचा असतो. आधी ह्यांनी घ्यावं."

एवढ्या मिशीवाल्यांदेखत जावयाने खुर्ची मागं सरकवली. ट्रॅक्टरची किल्ली मी तिथंच टाकली आणि ठाण्यात जाऊन तक्रार दिली.

फौजदार म्हणतो, मिटवून घ्या. गावही तेच म्हणतं. थू तुमच्या मिटवण्यावर. बापाला हात धरून मी कोर्टात उभा करणार. त्याला मालकाचं तोंड दिसणार नाही, ते बरंच आहे. मालकाला मात्र त्याचे डोळे बघावे लागतील.