चिनीमातीच्या माशाची जबानी

तो मासा अजून माझ्या कानात बोलतो. खरंच सांगतो!

नव्वदच्या दशकात मी वसमतला पोलीस ठाण्यात फौजदार होतो. एका रिटायर सिस्टरबाईंच्या घरातून चिनीमातीचा जग चोरीला गेला. हिरव्या माशासारखा. शेपटी म्हणजे मूठ, तोंडातून पाणी. तक्रार द्यायला त्यांचा भाचा आला, आणि सोबत संशयिताचं नावही घेऊनच आला. "साहेब, कामवाली तांड्यावरची आहे. उचला तिला."

मागून सिस्टरबाई काठी टेकत आल्या. "खबरदार! तिला एकदा ठाण्यात बसवलं तर गावात कोणी दारात उभं करन का? आधी मासा शोधा."

"एका जगासाठी एवढं काहून, बाई?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. दवाखान्यातल्या इंग्रज डॉक्टरीणबाईंनी मायदेशी जाताना तो दिलेला. त्या डॉक्टरीणबाईंच्या मावशीचा तिकडं इंग्लंडात छोटासा कारखाना होता. महायुद्धानंतर एका जुन्या तबेल्यात साचे मांडून, भट्टी लावून सुरू केलेला. तेव्हा तिकडं सरकारचा नियमच होता, रंगीत भांडी परदेशी पाठवायची, देशातल्या लोकांना पांढरी. मासे हातानं रंगवायला गावातल्याच बायका. पुढं मोठ्या कारखान्यांचा स्वस्त माल आला आणि भट्टी विझली. "कारखाना गेला साहेब, हा तेवढा बोलून राहिला."

मला वाटलं, बाई गहिवरल्या!

खबऱ्यानं टीप दिली, हिंगोलीत जुन्या सामानाच्या दुकानात मासा दिसला. दुकानदाराला माशासकट आणलं. गडी पक्का! "आमच्या आज्याचा आहे साहेब. लहानपणापासून यातूनच पाणी पितो."

"रोज?"

"रोज!"

आणि बाईंचा शब्द डोक्यात टकन वाजला. बोलून राहिला! हवालदारांना म्हटलं, माठातलं पाणी भरा यात अन् ओता.

गुडूक! गुडूक! गुडूक!

शेपटीत अडकलेली हवा हो, दुसरं काही न्हाई. पण दुकानदार बाकावरून उडाला. "अरे बाप! आत काय हाय?"

हवालदार म्हणाले, "तुझा आजा हाय. नातवाला हाक मारून राहिला."

सगळं ठाणं हसलं. त्या हशातच त्याचं अवसान गळालं आणि त्यानं माल विकणाऱ्याचं नाव सांगितलं. तो भाचाच!

वस्तू चोरता येते, तिची सवय न्हाई. पुढं कितीतरी तपासांत हे कामाला आलं. पण उपकार सिस्टरबाईंचे. त्या आडव्या आल्या नसत्या तर आमची जीप आधी तांड्यावर गेली असती.

कोर्टाच्या हुकमानं मासा सुटला, तो मीच पोचवायला गेलो. त्या कामवालीनं त्यातूनच मला पाणी ओतलं. गुडूक, गुडूक.

"प्या साहेब," ती हसली, "माझा साक्षीदार हाय त्यो."