तीन हजार मीटरवरचा टेकू

"सोडा त्याला, बाजूला व्हा, आधी बाजूला व्हा!" वनरक्षक स्पॅनिशमध्ये ओरडत धावत येत होता. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटर उंचीवर, जिथे धड जांभई द्यायलाही हवा पुरत नाही, तिथे हा गृहस्थ एकाच वेळी धावू आणि ओरडू कसा शकतो, याचंच मला आधी कौतुक वाटलं. त्याच्या समोर माझे जपानी गुरू, आमचे सेन्सेई, डोक्यावर उन्हाची टोपी आणि काठीला पांढरा टॉवेल अशा थाटात एका तीन मजली निवडुंगाच्या बुडाशी ओणवे झाले होते आणि आपली चालायची काठी त्या निवडुंगाला टेकू म्हणून लावत होते. निवडुंग कललेला होता. त्याचं वजन एका हत्तीएवढं असेल, आणि हत्ती म्हणजे मी हातचं राखून सांगतोय. काठी अ‍ॅल्युमिनियमची होती, घडीची.

आज हे आठवायचं कारण म्हणजे इथे जपानात, कोतोमध्ये, आमच्या घराजवळच्या बागेत सकाळपासून माळी मंडळी एका म्हाताऱ्या पाइनवृक्षाला टेकू देताहेत. तासलेल्या लाकडाचा ताजा, किंचित आंबूस वास गॅलरीपर्यंत येतोय. आपल्याकडे झाड कललं की लोक त्याखालची स्कूटर हलवतात. इथे झाडाला कुबडी देतात. ओंडके मोजून कापतात, फांदीखाली काथ्यासारखी काळी दोरी गुंडाळतात, तिला रुतू नये म्हणून मधे सालीची घडी घालतात, आणि मग वाकलेल्या आजोबांना खुर्चीत बसवावं तितक्या अदबीनं ती फांदी टेकूवर टेकवतात. काही बागांत तर टेकूच इतके की मूळ झाड कोणतं ते शोधावं लागतं. मी एकदा चुकून टेकूलाच नमस्कार करून आलोय, असं मी सांगतो. बायको म्हणते की त्या दिवशी मी घराबाहेर पडलोच नव्हतो.

तर सेन्सेई. ते योकोहामातल्या एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवत. मी पुण्याहून त्यांच्या लॅबमध्ये पोस्टडॉक म्हणून आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला काचघरात नेलं आणि एका निवडुंगाशी माझी ओळख करून दिली. निवडुंगाची माझ्याशी नव्हे, माझी निवडुंगाशी. इथे ज्येष्ठता पाळतात, आणि तो माझ्याहून वयानं मोठा होता. अर्जेंटिनाच्या वायव्येला, ढगांच्याही वर पसरलेल्या वाळवंटी पठारावर हे राक्षसी निवडुंग उगवतात. तिकडे त्यांना कार्दोन म्हणतात. सेन्सेईंनी तरुणपणी मोहरीएवढ्या बीपासून हा वाढवलेला. वाढायला तो इतका सावकाश की त्यापेक्षा आमच्या पुण्याच्या सोसायटीचा पुनर्विकास वेगानं होतो. तरी तो वाढत वाढत माझ्या दीडपट झाला होता. गोष्ट रंगात आली की मी दुप्पट सांगतो. सेन्सेई रोज दुपारी डबा खाऊन झाला की त्याच्याशेजारी उभे राहत. काही करत नसत. नुसते उभे राहत, दोघंही.

त्या हिवाळ्यात विद्यापीठाचा माळी बागेतल्या झाडांना टेकू देत देत काचघरापाशी आला आणि यालाही देऊ का, म्हणून विचारता झाला. सेन्सेई हसले. वाळवंटात याला कोण टेकू देतं, म्हणाले. मी शेजारीच होतो आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मग २०११चा मार्च आला. त्या दुपारी जमीन जी हलायला लागली ती थांबेचना. मी टेबलाखाली शिरलो. तिथे आधीच तिघेजण होते, आणि माझा आकार पाहता त्यांनी भूकंपापेक्षा मलाच जास्त भ्यायला हवं होतं. सेन्सेई मात्र भिंतीला धरत धरत जिना उतरून गेले. आम्ही मागून काचघरात पोचलो, तेव्हा एकही काच तडकलेली नव्हती, एकही कुंडी फुटलेली नव्हती. पडला होता तो एवढा एकटा, कंबरेत मोडून. आत साठवलेलं सगळं पाणी फरशीवर पसरलेलं, आणि त्या ओल्या फरशीवर सेन्सेई बूट काढून उभे होते.

त्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. बोलणार तरी कसे? उत्तरेकडे समुद्रानं गावंच्या गावं उचलून नेली होती. टीव्हीवर माणसं चिखलात आपल्या माणसांच्या वस्तू हुडकत होती. दुःखाच्या त्या लांबच लांब रांगेत एका निवडुंगाला घेऊन उभं राहायची त्यांना लाज वाटली असावी. पण दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी काचघरातल्या एकूण एक झाडाला टेकू द्यायला सुरुवात केली. मोठ्यांना बांबू, धाकट्यांना बांबूच्या चिपा, आणि बोटाएवढ्या रोपांना कान कोरायच्या काडीएवढ्या काड्या, वर दोऱ्याची नाजूक गाठ. लॅबमधली पोरं म्हणायची, जरा वेळ स्वस्थ बसू नका, नाहीतर आपल्यालाही बांधतील. मीही हसायचो. पण माळी आला त्या दिवशी मी तिथे होतो, त्यामुळे त्या प्रत्येक गाठीतून ते कुठला प्रश्न आवळताहेत, हे एकट्या मला कळत होतं.

पुढे ते निवृत्त झाले, गुडघ्यानं काठी मागितली, आणि एक दिवस त्यांनी घरी जाहीर केलं की कार्दोन जिथे उगवतात ते राष्ट्रीय उद्यान पाहायला मी चाललोय. एकटा. त्यांच्या पत्नी, आम्ही ज्यांना ओकुसान म्हणतो, त्या दुसऱ्याच दिवशी मिठाईचा खोका घेऊन आमच्या दारात. आत यायच्या आधीच कंबरेतून वाकल्या आणि तुम्ही यांच्याबरोबर जाल का, म्हणाल्या, कारण तुम्हाला स्पॅनिश मातृभाषेसारखं येतं. आता, हे असं मीच एकदा वर्षअखेरच्या पार्टीत सांगितलं होतं. पुण्यात कॉलेजात असताना मी संध्याकाळच्या स्पॅनिश वर्गाला जात असे. त्या वर्गाला आणखी कोण येत असे, ते इथे सांगायचं कारण नाही. आतून बायकोनं माझ्याकडे जो एक कटाक्ष टाकला, त्यात मातृभाषेचा निकाल लागला होता, पण वाकलेल्या ओकुसानना सरळ करायचा दुसरा उपाय नव्हता. मी हो म्हणालो.

प्रवासात मात्र मी दुभाष्याच्या धंद्याला चार चांद लावले. डोंगरावर नेणारा आमचा चालक म्हणाला, यंदा पाऊस कमी झाला. मी सेन्सेईंना सांगितलं की इथे एका राजानं ढगांशी भांडण काढलं, तेव्हापासून ढग खालच्या दरीतच राहतात. खानावळीतली बाई म्हणाली, मांसाच्या करंज्या संपल्या. मी सांगितलं, पाहुण्यांसाठी त्या खास आपल्या हातानं चीजच्या करणार आहेत. सेन्सेई प्रत्येक वेळी मान डोलवत, असं का, असं का, म्हणत. इतका गुणी श्रोता मला आयुष्यात मिळाला नाही. रस्ता वळणं घेत चढत होता. ढग खरोखरच खाली राहिले. माझ्या पिशवीतलं बाकरवडीचं पाकीट हवा विरळ होईल तसं फुगत जाऊन उशीएवढं झालं. चालकानं दिलेली कोकाची पानं मी तंबाखूच्या बारासारखी गालात धरली, तरी डोक्यात कुणीतरी पापड लाटत असल्यासारखं होत होतं. सेन्सेई शांत होते. त्यांनी एक सुकवलेला आंबट उमे, आपल्या आलुबुखारासारखं जपानी फळ, तोंडात टाकला आणि काठीवर दोन्ही हात ठेवून खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि एका वळणावर पठार उघडलं. इथे मला अतिशयोक्ती करता येत नाही, आणि हे वाक्य माझ्या लेखणीतून पहिल्यांदाच उतरतंय. गेरूच्या रंगाची जमीन, तिच्यावर कडक, स्वच्छ, जवळजवळ ऐकू येईल असं ऊन, पलीकडे बर्फ पांघरलेलं शिखर, आणि त्या सगळ्याच्या मधे नजर जाईल तिथवर कार्दोन. हजारो. कुणी एकटा सरळ, कुणी दोन हातांचा, कुणी सात हातांचा. कोण कोण येणार, असं कुणीतरी केव्हातरी विचारलं, सगळ्यांनी हात वर केले, आणि विचारणारा निघूनच गेला, अशी ती सभा. वारा काट्यांतून जाताना बारीक शीळ घालत होता. मोडून वाळलेल्या एका खोडाचं नुसतं लाकूड उरलं होतं, जाळीदार, हलकं, एखाद्या जुन्या खिडकीसारखं. माणूस इथे आला की त्याचं वय एकदम कमी होतं. तरुण होत नाही तो. थोडाच वेळ झाला जन्माला येऊन, असं वाटतं. सेन्सेईंनी एकही फोटो काढला नाही. पहिल्या कार्दोनपाशी गेले, टोपी काढली आणि वडीलधाऱ्यांना वाकतात तसे वाकले.

मग त्यांना तो कललेला दिसला. पायवाट सोडून, काठी टेकत, दर चार पावलांनी श्वासासाठी थांबत ते त्याच्याकडे गेले. मला वाटलं, जवळून पाहायचा असेल. पाहतो तर काठीची लांबी वाढवताहेत, जमिनीत दगड रोवताहेत, आणि झाडाला रुतू नये म्हणून गळ्यातला टॉवेल काढून मुठीवर गुंडाळताहेत. त्यांची स्वतःची तिसरी टांग त्यांनी त्या निवडुंगाला दिली होती आणि स्वतः त्याच्या बुडाशी ओणवे झाले होते. तेवढ्यात तो वनरक्षक ओरडत आला.

त्याचं म्हणणं रास्त होतं. झाडांना हात लावायची बंदी आहे, पायवाट सोडायची बंदी आहे, आणि हा पडला तर तुम्ही दोघं शोधूनही सापडणार नाही, असं तो म्हणाला. मी हात जोडले, हे जपानचे मोठे शास्त्रज्ञ, यांच्या देशात झाडांना टेकू देतात, वगैरे सांगितलं. त्यानं काठीकडे पाहिलं, मग वर शेंड्याकडे पाहिलं, आणि त्याचा राग कुठेतरी विरून गेला. हा कार्दोन माझे आजोबा लहान होते तेव्हापासून असाच कललेला आहे, म्हणाला. भूकंप इथेही होतात. काही पडतात, काही राहतात.

मी हे भाषांतर करून सांगितलं. या वेळी पदरचं काही घातलं नाही, कारण सेन्सेई माझ्याकडे बघतच नव्हते, त्याच्याकडे बघत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "त्याला विचार. काचघरात वाढवलेला एक होता. मी टेकू दिला नाही. दिला असता तर वाचला असता का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते बोलून दाखवलं होतं, आणि तेही मला नव्हे, एका अनोळखी माणसाला, पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला. मी विचारलं. वनरक्षकानं टोपी मागे सारली आणि खांदे उडवले. "कुणास ठाऊक," म्हणाला. "वाचलाही असता."

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? माझ्या जिभेला तर सवयच होती. मी म्हणालो, सेन्सेई, तो म्हणतोय की मुळीच नाही. तो म्हणतोय, कार्दोनला आतून कळतं आपली वेळ. त्याच्या आजोबांनी, पणजोबांनी, साऱ्या गावानं मिळून एकदा टेकू देऊन पाहिले, लाकडांचे, दगडांचे, शेवटी चर्चचा खांबही आणून लावला. जो पडायचा तो पडलाच. इथल्या भूमातेची तशी आज्ञाच आहे. मी इतकं लांबलचक बोललो की वनरक्षक माझ्याकडे संशयानं पाहू लागला, कारण तो मोजून चार शब्द बोलला होता.

सेन्सेई सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी वनरक्षकाला वाकून नमस्कार केला, इतका खोल की मीच पुढे होऊन त्यांचा दंड धरला. गोंधळलेल्या वनरक्षकानंही टोपी काढली आणि जमेल तसा तोही वाकला. सेन्सेईंनी टॉवेल सोडवला, काठी काढून घेतली. निवडुंग जागचा हलला नाही. तिथल्याच एका दगडावर बसून आम्ही तिघांनी बाकरवडी खाल्ली. पाकीट उघडताना असा आवाज झाला की दूरवर चरणारा, उंटासारख्या लांब मानेच्या प्राण्यांचा कळप उधळला. वनरक्षकानं बाकरवडी उलटसुलट करून पाहिली आणि आणखी एक मागितली.

त्या पठारावरचा काळ वेगळाच होता, असं मला अजून वाटतं. आपण वर्षं मोजतो, काय राहिलं आणि काय गेलं त्याचा जाब स्वतःला विचारत बसतो. तिथे कललेलंही उभं असतं, सरळही पडतं, आणि पडलेल्याच्या जाळीतून वारा जात राहतो. कुणी कुणाला जाब विचारत नाही. हे सगळं मला तिथे सुचलं नव्हतं. तिथे डोकं दुखत होतं.

परतल्यावर एका रविवारी ओकुसाननी आम्हाला योकोहामातल्या घरी जेवायला बोलावलं. मी अर्थातच वनरक्षकाची गोष्ट सांगायला घेतली. एव्हाना चर्चच्या खांबाच्या जोडीला घंटाही आली होती. ओकुसान तोंडावर हात धरून हसत होत्या, बायको ताटलीत बघत होती. सेन्सेई चहा पीत म्हणाले, "तो म्हणाला, वाचलाही असता."

मला ठसका लागला. तो ओसरल्यावर मी विचारलं, तुम्हाला स्पॅनिश येतं? बोलता येत नाही, म्हणाले, पण या झाडाबद्दल जगात जे काही लिहिलंय ते बहुतेक त्याच भाषेत आहे, त्यामुळे तरुणपणापासून वाचत आलोय. सावकाश बोललं तर कळतं. माझ्या डोळ्यांसमोरून ढगांशी भांडणारा राजा गेला, चीजच्या करंज्या गेल्या. मी म्हणालो, "मग सेन्सेई, तिथेच का नाही मला थांबवलंत?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"मला दोन्ही उत्तरं हवी होती," ते म्हणाले.