अण्णांची दुसरी तलवार

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये मध्ये हसलेलं मला चालणार नाही. तर, मी माझ्या सासऱ्यांना आवरण्यासाठी एक नियम काढला. सासऱ्यांना! जावयाने! आता बोला.

इंदिरानगरला आमच्या घरी दर रविवारी मिसळ हाणून झाली की एक खेळ मांडतो. मी गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले वीर होतात. वार लागला की हुकला, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो; आकडा मोठा पडला तर लागला. राक्षस आणणारा मी, नियम ठरवणाराही मीच. थोडक्यात, आठवड्यातून एकदा घरात माझं चालतं.

आमचा एक गडी पुण्याला गेला, म्हणून बायकोने, मुग्धाने, तिच्या वडिलांना बसवलं. अण्णा म्हणजे रेल्वेतले निवृत्त गार्ड. मनमाडहून सकाळच्या गाडीने येतात. मला वाटलं, बसल्या बसल्या डुलक्या काढतील. कसलं काय!

"जावईबापू, दोन तलवारी घेतल्या तर चालतात का हो?"

"घ्या की अण्णा!" नाही कसं म्हणणार?

दोन तलवारी म्हणजे एका पाळीत दोन वार. अण्णांनी माझे राक्षस कोथिंबिरीसारखे चिरले हो! आणि इकडे शेवटच्या लढाईसाठी मी तीन महिने एक असुर घडवत होतो. कागदाच्या लगद्याचा पुतळा, वर सोनेरी रंग. आमचा तिसरा खेळाडू समीर, त्याला छाती पुढे काढून सांगितलं होतं, "हा तासभर तरी पुरेल बघ तुम्हाला." तो दोन मिनिटांत आडवा झाला असता तर मी तोंड कुठे लपवायचं?

पण सासऱ्यांना तोंडावर सांगणार कसं, की अण्णा, तुम्ही जरा जास्तच मारताय? म्हणून मी वही काढली आणि गंभीर चेहरा केला. "यापुढे डाव्या हाताच्या वाराला फाशावरच्या आकड्यातून चार वजा. डावा हात कच्चा असतो."

"कच्चा?" अण्णा म्हणाले. "आयुष्यभर दोन्ही हातांनी झेंड्या दाखवल्या मी. डावा काय भाड्याने आणलाय?" मग हसले. "पण नियम म्हणजे नियम. मान्य."

पुढच्या रविवारी पुन्हा दोन राक्षस गारद! मी चक्रावलो. चार वजा करूनही? आकडेमोड चुकली की काय? आठवडाभर ऑफिसात तेच गणित. रविवारी नवा नियम आणला, "डावा वार हुकला तर तो स्वतःलाच लागेल."

समीर म्हणाला, "मग मी तिसरी तलवार दातात धरू का? दात डावे नसतात."

काय डोकं लावतात लोक! मी चिडून वहीत लिहिलं, पहिल्या शस्त्रानंतर प्रत्येक जादा शस्त्राला आणखी चार वजा. हात असो, दात असो! आणि हुकला की स्वतःला!

"राक्षसांनाही लागू का?" अण्णांनी विचारलं.

"अर्थात!" मी म्हणालो. उगाच कुणाला वाटायला नको, जावई सासऱ्यांवर डूख धरून आहे.

त्या दिवशी अण्णांनी तीन मारले. माझ्या डोक्याचा पार भुगा.

शेवटी तो रविवार उजाडला. मी पुतळ्यावरचा रुमाल बाजूला केला. "अहाहा!" मुग्धा म्हणाली. माझा असुर! आठ हात, आठ हातांत आठ शस्त्रं! पहिली पाळी त्याचीच. मी फासा उचलला.

"थांब," समीर म्हणाला. "दुसऱ्या हाताला चार वजा, तिसऱ्याला आठ... आठव्याला अठ्ठावीस."

"फासा तर वीसचाच आहे ना?" मुग्धा म्हणाली.

मला घाम फुटला. पण नियम माझा, अक्षरही माझं! पहिला वार हुकला. बाकीचे सातही हुकले, आणि एकामागून एक सातही त्यालाच लागले. माझा असुर स्वतःच्याच हातांनी मेला. वीर अजून जागचे हललेही नव्हते.

मला अक्षरशः रडू येत होतं. अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू. लय देखणा होता."

"पण अण्णा, एवढे नियम लावले, तुमच्या दोन तलवारींना काहीच कसं झालं नाही?"

"कुठल्या दोन? पहिला नियम आला त्याच दिवशी एक ठेवून दिली मी. म्हटलं, तुम्हाला हिशेब जड जातोय. तेव्हापासून डाव्या हातात ढाल आहे."

"मग राक्षस मरत कसे होते?"

"फासाच चांगला पडायचा हो."

"मला सांगायचं तरी!"

"तुम्हाला विचारूनच घेतली ढाल," अण्णा ओशाळून म्हणाले. "तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, 'हं, चालेल, चालेल. आता जरा गप्प बसा, मी अण्णांचा बंदोबस्त करतोय.'"