वाट न ठेवलेलं मडकं

आमच्या शोन्टो गावाकडे मडक्याच्या गळ्याभोवती मातीची नक्षीदार पट्टी बसवतात आणि एका जागी ती बोटभर मोकळी सोडतात. घडवणारीचं मन आत अडकू नये म्हणून ती वाट. बुजवली तर तिचे डोळे जातात, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

वर्ना मावशीचा जन्म मडकी घडवण्यात गेला. त्या दिवशी तिचं सुकलेलं मडकं भाजायला नेताना मी पाहिलं, तर पट्टी सलग!

"मावशी, म्हातारी झालीस गं. वाट ठेवायची विसरलीस."

"तुझं तोंड बुजवायचं विसरले. ठेव ते खाली." मग आवाज उतरला. "डेल्मरसाठी मुद्दाम बुजवलीय. वाटच नसली तर जाईल कुठून?"

डेल्मर तिचा एकुलता एक. फौजेतून आल्यापासून घरात टिकत नव्हता. मागच्या हिवाळ्यात फ्लॅगस्टाफ शहरात एका दारूच्या दुकानामागे बर्फात पडलेला सापडला. पायाची बोटं कापावी लागली. आता गेला तर प्रेतच आणावं लागेल, असं मावशी म्हणे. आम्हालाही तसंच वाटे, पण आम्ही शहाणे, गप्प बसायचो. त्याच्यासाठी विधी झाले, बरं करणारी गाणी झाली, त्या खर्चापायी मेंढ्याही गेल्या. उरली होती फक्त माती.

"आणि तुझे डोळे?"

"जाऊ देत. तो घरात असला की आवाजावरून कळेल मला."

मी जाळ केला. मडकं भाजून निघेपर्यंत पिन्यॉनच्या झाडाची राळ वितळवली. राळ फासायची ती मडकं तापलेलं असतानाच; निवलं की धरत नाही, मग पाणी झिरपतं.

मावशीनं काठीनं मडकं बाहेर ओढलं, तेवढ्यात डेल्मरची गाडी शेजारी येऊन थांबली.

"आई, लाकडं आणतो."

"ढीग पडलाय लाकडांचा."

"मग पाणी आणतो."

गाडीत पिंप नव्हतं. आम्हा तिघांनाही ते दिसत होतं.

"डेल्मर, जेवून तरी जा रे!" मावशी म्हणाली.

गाडी हलली. मावशीनं काठी टाकली आणि घागरा आवरत मागे धावली.

"मावशी, निवतंय!" मी मूर्खासारखा ओरडलो.

ती एकटीच परतली तेव्हा मडकं गार होतं. श्वास लागला होता तिला. उरलेली लाकडं पायानं माझ्याकडे ढकलत म्हणाली, "पुन्हा तापव."

"तडकेल गं."

"तापव म्हणते ना!"

मी लाकडं रचू लागलो.