काश्यप म्हणा

पूजेला बसलेल्या माणसाला गुरुजी सुरुवातीलाच दोन गोष्टी विचारतात. पहिली नाव. ते बहुतेकांना सांगता येतं. दुसरी गोत्र. तिथं यजमान बायकोकडं बघतो, बायको सासूकडं बघते, सासू भिंतीवरच्या देवाकडं बघते आणि पळीतलं पाणी सांडायच्या आत गुरुजीच म्हणतात, "काश्यप म्हणा." यजमान काश्यप म्हणतो, पूजा पुढं सरकते, सगळ्यांना प्रसादाचा शिरा मिळतो आणि कुणाचं काही बिघडत नाही.

सोलापुरात माझ्या ओळखीची निम्मी घरं अशीच काश्यप झाली. कोरडवाहू गावांतून माणसं शहरात आली, नोकऱ्या लागल्या, प्लॉट घेतले, बांधकाम झालं, वास्तुशांत झाली आणि वास्तुशांतीबरोबर एक ऋषीही घरी राहायला आले. गुरुजींची यात लबाडी नसते. पुराणांत कश्यपांना तेरा बायका दिल्या आहेत. देव त्यांचे, दैत्य त्यांचे, नाग त्यांचे, नागांना खाणारा गरुडही त्यांचाच. एवढा मोठा प्रपंच असलेल्या गृहस्थाच्या खात्यावर आणखी एक कुटुंब टाकलं तर त्यांना कळणारसुद्धा नाही. भरलेल्या एस्टीत उशिरा आलेल्याला कंडक्टर ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर बसवतो. काश्यप गोत्र म्हणजे ते बॉनेट. प्रवास होतो, कुणी तिकीट विचारत नाही, फक्त जरा चटके बसतात.

आम्हाला ते बसले माझ्या भाचीच्या लग्नात.

भाची जनावरांची डॉक्टर. सांगोल्याकडच्या गावांतून शेळ्यामेंढ्यांना लस टोचत हिंडते आणि सुट्टीच्या दिवशी सोलापुरात एका मित्राच्या दवाखान्यात बसते. तिथं एक मुलगा गोचिडांनी बेजार झालेलं कुत्रं घेऊन आला. गोचीड गेले तरी कुत्रं दवाखान्यात येत राहिलं, यावरून आम्ही काय ते ओळखलं. मुलगा चांगला होता. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायचा, कमी बोलायचा, आणि नाव होतं कश्यप.

नावात आता नवल राहिलेलं नाही. आमच्या लहानपणी ऋषी पोथीत असायचे. आता ते आमच्या कॉलनीच्या बागेत घसरगुंडीवर असतात. संध्याकाळी तिथं बसलं की "अगस्त्य, नाकातलं बोट काढ" आणि "अंगिरस, वाळू खाऊ नको" असं कानावर येतं. पण या मुलाचं नाव फॅशन म्हणून ठेवलेलं नव्हतं. त्याच्या वडिलांना आपल्या गोत्राचा अभिमान होता. ते मोठ्या सरकारी खुर्चीवरून निवृत्त झालेले, त्यामुळं घरीदारी त्यांना साहेबच म्हणत. जुळे सोलापुरात त्यांचा बंगला. फाटकावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत 'काश्यप', त्याखाली साहेबांचं नाव, पदवी, हुद्दा, आणि अगदी खाली, वाकून वाचावं लागेल एवढ्या अक्षरांत, 'निवृत्त'.

साखरपुड्याचं बोलणं सुरू होतं तेव्हाच साहेबांचा फोन आला. पत्रिका बघताना लक्षात आलं होतं की मुलीचंही गोत्र काश्यप आहे. एका गोत्रातली मुलं म्हणजे भाऊबहीण. तेव्हा हे जुळणं कठीण दिसतं, असं त्यांनी कार्यालयीन भाषेत कळवलं. तरी एकदा समक्ष बसू म्हणाले.

भाचीचे वडील, म्हणजे माझे दाजी, वैरागजवळ शेती करतात. अक्का आणि ते परस्पर रिक्षानं येणार होते. भाचीला मी स्कूटरवर मागं घेतलं. ऊन असं की सात रस्त्याच्या सिग्नलवर माणसं लांबच्या झाडाखाली थांबून हिरव्या दिव्याची वाट बघत होती.  बंगला दिसायला लागल्यावर भाची म्हणाली, "मामा, तुम्हीच बोला. मी बोलले तर फटकन बोलेन. आणि हे मोडलं तर मला दुसरा मुलगा दाखवू नका. हट्ट म्हणून नाही सांगत. मला हाच पाहिजे."

साहेबांच्या दिवाणखान्यात कूलर लावलेला होता आणि भिंतीवर पितळेचे सप्तर्षी होते. साहेब, त्यांच्या पत्नी, मुलगा आणि मोटरसायकलवरून आलेले, हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेले तरुण गुरुजी, एवढी त्यांची बाजू. साहेबांनी प्रास्ताविक केलं. सगोत्र विवाह आपल्या पूर्वजांनी का वर्ज्य मानला, त्यामागं कसं विज्ञान आहे, परदेशात आता हे कसं मान्य होतंय, असं बरंच. रक्ताचा मुद्दा आला तेव्हा भाचीनं अगदी नम्रपणे सांगितलं की हे बरोबर आहे, कळपातला बोकड आम्हीही बदलायला सांगतो, पण तो कुठल्या कळपातला हे विचारतात, गोत्र कुणी विचारत नाही. अक्कानं तिला चिमटा काढला. मुलगा खाली बघून हसला. साहेब हसले नाहीत.

गुरुजी मात्र व्यवहारी निघाले. म्हणाले, यावर तोड आहे. मुलीला तिच्या मामानं रीतसर दत्तक घ्यायचं, म्हणजे तिचं गोत्र मामाचं होतं. कन्यादान मामानं करायचं. पुष्कळ ठिकाणी करतात.

मी लगेच तयार झालो. शिकलीसवरलेली, स्वतःच्या पगारातून गाडी घेतलेली मुलगी आयती मिळत असेल तर कोण नाही म्हणेल? दाजींनीही मान हलवली. साहेबांच्या चेहऱ्यावर जरा वारं खेळलं. गुरुजींनी खिशातून पेन काढून मला विचारलं, "तुमचं गोत्र?"

मी आठवू लागलो. माझ्या लग्नात पंगतीतली आमटी खारट झाली होती ते आठवलं, फेटा कानावर आला होता ते आठवलं, आणि मग गोत्रही आठवलं. भटजींनी विचारलं होतं, मी वडिलांकडं बघितलं होतं.

"काश्यप," मी म्हणालो.

गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. अक्काला थोडा वेळ लागला. माझं गोत्र काश्यप म्हणजे आमच्या वडिलांचं काश्यप, म्हणजे तीही माहेरची काश्यप, आणि दाजी तर काश्यपच. ती सावकाश नवऱ्याकडं वळली.

"अवो, म्हंजे आपलं लगीन..."

"झालंय की आता," दाजी म्हणाले आणि ताकाचा पेला खाली ठेवला.

त्या लग्नात दोन्हीकडं एकच भटजी होते, हे मला तेव्हा आठवलं. त्यांनी नवऱ्यामुलाला काश्यप दिलं आणि तोच हात पुढं करून नवरीलाही काश्यप दिलं. मांडवात कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी जेवायची वेळ झालेली होती.

मला वाटलं, यावर साहेबही हसतील. पण त्यांनी याचा वेगळाच अर्थ लावला. तुमच्या घरात दोन पिढ्या हा घोळ चाललेला आहे, म्हणाले, आमच्याकडं तसं नाही. परंपरा माहीत असणं आणि नसणं यात फरक असतो. बोलता बोलता ते उठून उभे राहिले. कार्यालयात बैठक संपल्याची ही खूण असणार. भाचीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, ते बोट पांढरं पडलेलं मला दिसलं. 

बोलल्या त्या साहेबांच्या पत्नी. तोवर त्या फक्त ताक हवं का एवढंच विचारत होत्या.

"अहो, बसा जरा. आपल्या लग्नातबी दोनीकडं काश्यपच म्हणलं हुतं."

"काहीतरी सांगू नकोस. मला माझं गोत्र माहीत होतं."

"न्हाय ओ. भटजींनी इचारलं तवा तुमी मामंजींकडं बघितलं. मामंजी मेंढरांकडं बघत हुते. मांडवाच्या मागंच बसवली हुती की."

साहेबांचं मूळ गाव वेळापूरच्या पलीकडं आणि वडिलांची मेंढरं होती, हे आम्हाला त्या वाक्यानं कळलं. साहेब खाली बसले. मुलगा बापाकडं बघत राहिला. आपलं नाव कुठून आलं हे त्याला पहिल्यांदाच समजत होतं, आणि त्याला ते आवडलेलं दिसलं.

बाईंनी मग दाजींना सरळ विचारलं, "तुमचं देवक कंचं, दादा?"

"कळंब."

"आमचं उंबर."

गावाकडं सोयरीक जमवताना हे एवढंच बघतात. ज्या झाडाची फांदी लग्नात देव म्हणून पुजायची ते आपलं देवक, आणि एका देवकाच्या घरांत लग्न करायचं नाही. कळंब आणि उंबर म्हणजे दोन वेगळी कुळं. दाजींनी मान हलवली, बाईंनी हलवली, आणि त्या दोघांपुरती बैठक संपली. साहेबांनी फक्त "बघू" म्हटलं. सरकारी "बघू"चा अर्थ मला माहीत आहे, म्हणून परत येताना मी भाचीला काही आशा दाखवली नाही.

चार दिवस काहीच कळलं नाही. मग फोन आला. साहेब नाही, बाई बोलल्या. साखरपुडा करायचा, लग्नही करायचं. साहेबांचं म्हणणं एवढंच होतं की मांडवात त्यांचे जुने सहकारी, वरचे अधिकारी, सगळे असतील, माइक चालू असेल. तिथं दोन्हीकडून काश्यप ऐकू येऊ नये. आपलं काश्यप ते सोडणार नव्हते, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. ग्रॅनाइट काढणं सोपं नसतं, आणि मुलाचं नाव तर आणखी अवघड.

म्हणजे आमच्यासाठी एक ऋषी शोधायचा होता. मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, तुम्ही जे सांगाल ते मी म्हणेन, पण मी होऊन खोटं सुचवणार नाही. माहीत नसेल तर शास्त्रात काश्यपच आहे. दाजींना विचारलं तर ते म्हणाले, तुमी शिकलेली मानसं, ठरवा. अक्का म्हणाली, मामानं बघावं. मी ठरवणारच होतो. पण मग कार्यालय, आचारी, सोलापुरातले फेटे, वैरागहून येणारा टेम्पो यात मला वाटलं की दाजींनी गुरुजींना काहीतरी सांगितलं असेल, आणि दाजींना वाटलं मी सांगितलं असेल.

विजापूर रोडच्या कार्यालयात कन्यादानाला दाजी आणि अक्का पाटावर बसले. समोर साहेब, अंगात सूट आणि डोक्याला फेटा. नवऱ्यामुलाकडचं सगळं गुरुजींना पाठ होतं. आजोबा, पणजोबा, काश्यप गोत्र, सगळं माइकवरून घुमलं, आणि पुढच्या रांगेतल्या सहकाऱ्यांनी माना डोलावल्या. मग गुरुजी दाजींकडं वळले आणि गोत्र विचारलं.

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं बघितलं. मला ऋषी माहीत आहेत. सप्तर्षी तर मी झोपेतही सांगेन. त्या क्षणी एकही आठवला नाही.

"ते न्हाय बा ठावं," दाजी म्हणाले. माइकवरून तेही घुमलं.

गुरुजींनी तोंड उघडलं. आता कुठला शब्द येणार हे आमच्यापैकी प्रत्येकाला माहीत होतं. भाचीनं डोळे मिटून घेतले. साहेबांनी आपल्या सहकाऱ्यांकडं पाहिलं, मग भाचीकडं पाहिलं. ती मिटल्या डोळ्यांनी तशीच उभी होती. साहेब पुढं वाकले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "वसिष्ठ म्हणा, गुरुजी. पावणं वसिष्ठ हायत."

इतकी वर्षं कार्यालयीन भाषेच्या खाली दाबून ठेवलेलं ते "पावणं" आणि "हायत" असं सहज बाहेर आलं की त्यांनाही कळलं नसावं. गुरुजींनी एक क्षण त्यांच्याकडं बघितलं आणि वसिष्ठ म्हणून पुढं सुरुवात केली. दाजींनी पाणी सोडलं. भाचीनं डोळे उघडले आणि कश्यपकडं असं बघितलं की मला फेटा सारखा करायचं निमित्त काढून मान फिरवावी लागली. साहेबांच्या पत्नी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. डोळ्यांवरून तरी त्या हसत होत्या.

पंगतीत दाजी माझ्या शेजारी बसले. दोन घास जेवले आणि मग हळूच म्हणाले, "ह्यो वसिष्ठ कोन?"

मी सांगितलं. मोठे ऋषी, रामाचे गुरू, सात ऋषींपैकी एक. दाजींना यातलं काही पुरेसं वाटलं नाही.

"मानूस कसा हुता?"

मी जरा विचार केला. म्हणालो, त्यांच्याकडं एक चांगली गाय होती. एका राजानं ती मागितली, त्यावरून मोठं भांडण झालं, सैन्य आलं. पण त्यांनी गाय दिली नाही.

"न्हाई दिली?"

"नाही."

"मग चालतंय," दाजी म्हणाले, आणि वाढप्याला थांबवून त्यांनी जिलेबी मागून घेतली.